मागच्या सीटवरची साक्षीदार

म्हैसूरला आल्यावर पहिलं वर्षभर मला सगळ्यात जास्त भूक लागली ती मराठीची. घरात नवरा होता, त्याच्याशी मी मराठीतच बोलायचे. पण नवऱ्याशी बोलणं म्हणजे गॅस संपत आलाय, मोटार लाव, उद्या डब्याला काय. मला हवी होती ती बायकाबायकांमधली मराठी, थोडी कुचकट, थोडी मोकळी. त्या भुकेपोटीच मी तिच्या हाती लागले.

म्हैसूरच्याच हेब्बाळ भागातल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. एके दिवशी फोनवर आईशी बोलत होते, तर पलीकडच्या टेबलावरून एक मान वर आली. "अय्यो, तुम्ही मराठी काय? आम्ही पण घरात मराठीच बोलतो की!" तिचं घराणं कैक पिढ्यांपासून म्हैसूरचं. तिच्या मराठीत अर्धे शब्द कन्नड. प्रत्येक वाक्याला 'कणे' लावायची, म्हणजे आपलं 'गं'. आणि कशालाही 'सुम्ने' म्हणायची. उशीर का झाला? सुम्ने. एवढी का हसतेस? सुम्ने. सुम्ने म्हणजे उगीच. मला तो शब्द फार गोड वाटायचा तेव्हा.

तिच्याच ओळखीने आम्हाला चामराजपुरममध्ये, तिच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर घर मिळालं. मग ती रोज माझ्या स्कूटरवर मागे बसून ऑफिसला यायला लागली. सासूचे किस्से सांगायची, माझ्या खांद्यावर हात ठेवून. मी नवऱ्याला म्हटलं, मला इथे बहीण मिळाली. हे वाक्य आठवलं की अजून माझे दात आवळले जातात.

माझ्याबद्दल एक गोष्ट तिला माहीत होती आणि नवरा सोडून दुसऱ्या कोणालाच माहीत नव्हती. कॉलेजात असल्यापासून मला माझ्याच आठवणींबद्दल शंका यायच्या. मी विसरायचे असं नव्हे. विसरभोळी माणसं सुखी असतात. मला सगळं आठवायचं, आणि जे आठवायचं त्याच्या शेजारी जे घडलं नसेल तेही हळूच येऊन बसायचं. एका चुलतबहिणीच्या लग्नात मी कोणाचं तरी तान्हं बाळ जरा वेळ घेतलं आणि त्याच्या आईकडे परत दिलं. झालं एवढंच. पण पुढे कित्येक आठवडे मला वाटत राहिलं की ते माझ्या हातून निसटलं होतं, डोकं आपटलं होतं, आणि मी कोणाला न सांगता तसंच परत दिलं. शेवटी त्या आईला फोन करून मी आडून आडून बाळाची चौकशी केली. बाळ मजेत होतं. माझा जीव संध्याकाळपर्यंत शांत राहिला, मग नवी शंका: तिला अजून कळलं नसेल तर?

हे सगळं मी तिला हसत हसत सांगितलं होतं. मैत्रिणीला आपण आपले भित्रेपणाचे किस्से सांगतो, तसं.

मग ती संध्याकाळ आली. शिफ्ट सुटायची वेळ, हेब्बाळच्या रस्त्यावर कंपन्यांच्या बसची रांग, आणि बसच्या मधल्या फटींतून आम्ही दुचाकीवाले. एका वळणावर स्कूटरला गचका बसला. मागे ती बोलतच होती. मी विचारलं, "काय होतं गं?" ती म्हणाली, "दगड असेल कणे, चल." आम्ही घरी आलो. मी कुकर लावायला तांदूळ धुवायला घेतले आणि डोक्यात आलं: दगड, की माणूस?

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारलं. "काही नव्हतं कणे." दुपारी पुन्हा विचारलं. परत येताना वळणावर थांबले, उतरून रस्ता पाहिला. त्यानंतर रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी. नवऱ्यालाही विचारायचे, तो तर तिथे नव्हताच, तरी बिचारा म्हणायचा, "नाही गं, नाही झालं काही." त्याच्या 'नाही'ने चहाचा कप संपेपर्यंत बरं वाटायचं. तिचं 'नाही' जास्त टिकायचं, कारण ती मागे बसली होती. जगात एकच माणूस साक्षीदार होतं आणि ते माझ्या गाडीवर होतं.

मी कोणालाही वैताग आणला असता, हे मान्य. वैतागलेल्या माणसाने ओरडावं, 'पुरे कर' म्हणावं, दुसऱ्या कोणाच्या गाडीवर बसावं. तिने यातलं काहीच केलं नाही. एका दुपारी कँटीनच्या नळावर आम्ही डबे धूत होतो. मी पुन्हा विचारलं. तिने नळ बंद केला, इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांगू का? लागलं होतं."

माझ्या हातातलं झाकण खाली पडलं.

"कोणाला?"

"एक म्हातारा होता. बाजूने चालत होता. मी मागे वळून पाहिलं तेव्हा तो बसला होता रस्त्यावर."

"मग तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू घाबरली असतीस कणे. लोकांनी धरलं असतं आपल्याला." मग माझ्या दंडावर ओला हात ठेवून म्हणाली, "मी कोणाला सांगणार नाही. तू पण सांगू नको."

त्या दिवसापासून मला तो म्हातारा दिसायला लागला. हे मी उपमा म्हणून लिहीत नाहीये. आधी नुसती आकृती. मग पांढरा पंचा. मग हातातली कापडी पिशवी, तिच्यातून सांडलेली मेथी. मग त्याचा चेहरा, उघडं तोंड, एक हात वर. आठवड्याभरात मला त्याच्या चपलेचा तुटलेला अंगठाही आठवत होता. तिने मला फक्त 'एक म्हातारा' दिला होता. बाकी सगळा माणूस मी घडवला, आणि मग मी त्याला मारलं. कारण पुढची शंका तयारच होती: तो नंतर मेला असेल तर?

मी स्कूटर चालवणं सोडलं. कंपनीच्या बसने जायला लागले. बसमध्येही त्या वळणावर डोळे मिटून घ्यायचे. कन्नड वर्तमानपत्र मला धड वाचता येत नाही, तरी अपघातांच्या बातम्यांचे फोटो काढून फोनवर भाषांतर करून बघायचे. पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या स्कूटरच्या पुढच्या चाकावरून बोट फिरवायचे. नवऱ्याला यातलं काही सांगितलं नाही. तिने सांगू नको म्हटलं होतं ना.

आणि तिचं सुरू झालं. उघड धमकी तिने कधीच दिली नाही, तेवढी ती हुशार होती. ती फक्त अधूनमधून जवळ येऊन म्हणायची, "काळजी करू नको हं, मी कोणाला बोलले नाही." आणि मग त्याच दमात, "माझा एवढा भाग बघशील का? मला आज लवकर जायचंय." मी बघायचे. हळूहळू तिच्या वाटणीचं जवळजवळ सगळंच काम माझ्याकडे आलं. मी करायचे आणि ती मॅनेजरपुढे मांडायची. मीटिंगमध्ये तिला कोणी काही विचारलं की ती माझ्याकडे बघून म्हणायची, "ही पण होती माझ्या मदतीला, ती सांगेल," आणि मी सांगायचे. दसऱ्याला माझे सासू-सासरे पहिल्यांदाच म्हैसूरला आले होते. मिरवणुकीच्या दिवशी तिची ड्यूटी होती. ती मी केली. नवरा आईवडिलांना घेऊन एकटाच गर्दीत उभा राहिला आणि संध्याकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "नोकरी एवढी महत्त्वाची असते का गं?" मी मान खाली घालून पुऱ्या तळल्या. आजही त्या पुऱ्यांचा वास आला की मला तिचा गळा धरावासा वाटतो.

शेवटी मला ते पेलवेना. एका रविवारी सकाळी मी नवऱ्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, मला पोलिसांत जायचंय. त्याने आधी समजावलं, मग रागावला, मग माझ्याकडे पाहून शर्ट चढवला. आम्ही ठाण्यात गेलो.

तिथल्या अधिकाऱ्याला मी मोडक्या कन्नडमध्ये आणि इंग्रजीत सांगितलं की मी माणूस मारलाय. कुठे, कधी, कसा, सगळं सांगितलं. पंचा, पिशवी, मेथी. इतकं नेमकं सांगितलं की त्याने खरंच दोन-तीन ठिकाणी फोन लावले. तशी नोंद कुठेच नव्हती. त्या वळणावर त्या दिवसांत कोणी पडलंच नव्हतं. मग त्याने विचारलं, गाडीवर आणखी कोण होतं? मी तिचा नंबर दिला. त्याने माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावला.

तिचा आवाज आला. पोलीस म्हटल्यावर तो कापत होता. "नाही सर. काहीच झालं नाही सर. दगड होता. ती आमची मैत्रीण जरा तशीच आहे सर, तिला काहीबाही आठवतं."

अधिकाऱ्याने फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाला, "यांना डॉक्टरकडे न्या."

आम्ही तिथून सरळ तिच्या घरी गेलो. ती फाटकातच आली, आत बोलावलं नाही. मी विचारलं, "मग मला का सांगितलंस लागलं म्हणून?"

तिने माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि खांदे उडवले. "सुम्ने. तू रोज रोज विचारत होतीस कणे. जोक केला मी. मला काय माहीत तू पोलिसांत जाशील?"

"आणि ते इतके महिने..."

"तूच विषय काढायचीस. मी काय करू?"

नवऱ्याने माझा हात धरून मला तिथून हलवलं. बरं केलं. फाटकापाशी झेंडूच्या कुंड्या होत्या आणि माझी नजर त्यांच्यावर होती.

आता कोणालाही वाटेल, की चला, सुटलं. म्हातारा नव्हताच. नाही सुटलं. त्याच दुपारी माझ्या डोक्याने मला समजावलं की ती पोलिसांना घाबरून खोटं बोलली. मला वाचवायला, स्वतःला वाचवायला. लागलं होतं हे खरं आणि जोक केला हे खोटं. पंच्यातला म्हातारा हलला नाही. तिने माझ्यात घातलेली गोष्ट तिला स्वतःलाही परत काढता येईना. हा आजार काय असतो ते मला त्या दुपारी कळलं. सूड म्हणजे काय तेही त्याच दुपारी कळलं.

डॉक्टर आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या जवळ होत्या. मध्यम वयाच्या, केसांना गजरा, बोलणं कमी. मी त्यांना बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही 'अरे बापरे' म्हटलं नाही. शेवटी म्हणाल्या, "हा ओसीडी आहे. काही लोक हात धुतात, काही कुलूप बघतात. तुम्ही आठवण बघता. तुमची आठवण बिघडलेली नाही. तुम्ही ती इतक्या वेळा उघडून पाहता की तिच्यावरचा तुमचा भरवसा झिजलाय."

"म्हणजे मी कोणाला मारलं नाही ना?"

"ते मी सांगणार नाही."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. "तुम्हाला काय वाटतं तेवढं तरी सांगा."

"सांगितलं तर उद्या परत विचाराल. आजपासून घरातलंही कोणी सांगणार नाही." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "यांनी विचारलं तर म्हणायचं, मला माहीत नाही. प्रेमाने म्हणा, पण तेवढंच म्हणा."

गोळ्या सुरू झाल्या. त्याबरोबर उपचार असा की रोज खुर्चीवर बसून मोठ्याने म्हणायचं, 'कदाचित माझ्या गाडीखाली माणूस आला असेल, कदाचित नसेल, मला कधीच कळणार नाही.' म्हणायचं आणि काहीही तपासायचं नाही. वर्तमानपत्र नाही, चाक नाही, प्रश्न नाही. पहिले काही दिवस मी हे वाक्य अर्ध्यावर सोडून उठायचे. मी डॉक्टरांचाही राग राग केला. एक 'नाही' म्हणायला या बाईचं काय जातं? नवऱ्याचा तर त्याहून जास्त. तो भाजी चिरत असायचा, मी विचारायचे आणि तो डोळे पुसत म्हणायचा, "मला माहीत नाही." कांद्याने रडतोय की माझ्यामुळे, तेही मला माहीत नव्हतं. मी एकदा ताट भिरकावलं. त्याने ते उचललं आणि तेच म्हणाला.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी स्कूटर काढायला लावली. त्या वळणावरून जायचं, मागे पाहायचं नाही, आरशातही नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा घामाने हँडल निसटत होतं. मागची सीट रिकामी होती. मी हेल्मेटच्या आत मोठ्याने बोलत होते, आणि ते वाक्य डॉक्टरांनी दिलेलं नव्हतं. ते तिच्यासाठी होतं. लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टरांना मी ते सांगितलं. म्हटलं, मला तिचं वाटोळं करायचंय. दिवसभर तेच मनात येतं. हाही आजारच का?

त्या हसल्या, पहिल्यांदाच. "राग हा आजार नाही. त्याला माझ्याकडे गोळी नाही. तुम्ही रोज तपासत बसता का, की तिने खरंच तसं म्हटलं होतं की नाही?"

"हो."

"ते मात्र बंद करा."

म्हणजे सूड घ्यायचा तर तोही खात्रीशिवाय. तिने नळापाशी ते शब्द म्हटले होते का? कदाचित. मी ते 'कदाचित' गिळलं आणि राग तसाच ठेवला. तो राग मला गोळ्यांइतकाच उपयोगी पडला असं मी आजही म्हणेन. भीतीने मी वर्षानुवर्षं खाली बघून चालत होते. रागाने मान वर आली.

ऑफिसात तोवर माझी गोष्ट झाली होती. पोलिसांची हकीकत तिने टीमला रंगवून सांगितली. मी कँटीनमध्ये शिरले की हसू दाबलं जायचं. कोणी म्हणायचं, काल तू माझा चार्जर घेतलास, आठवतंय ना? मीटिंगमध्ये एकदा तिने सगळ्यांसमोर म्हटलं, "हिच्या आठवणीवर जाऊ नका, तिला न झालेलं पण आठवतं." सगळे हसले. मॅनेजरही.

मी आधी तिच्याच औषधाचा डोस तिला देऊन पाहिला. एका दुपारी शेजारी बसून सहज म्हटलं, "काल गेटपाशी तुझ्या पर्सचा धक्का लागून त्या झाडूवाल्या बाई पडल्या, बघितलंस ना?" तिने घास चावता चावता क्षणभर विचार केला. "नाही कणे, मी नव्हते." आणि पुढचा घास घेतला. बस्स. तिच्या डोक्यात ते शिरलंच नाही. ज्या वाक्याने मी महिनोन् महिने जळत होते तसलं वाक्य तिच्या अंगावरून पावसाच्या थेंबासारखं ओघळून गेलं. मला तिचा हेवा वाटला, आणि हेव्याने राग दुप्पट झाला.

संधी मात्र तिनेच आणून दिली. टीम लीडची जागा निघाली. डॉक्टरांकडे जाण्याआधी, म्हणजे त्या म्हाताऱ्याच्या काळात, जे मोठं काम मी तिच्या नावाने केलं होतं, तेच ती वरिष्ठांपुढे मांडणार होती. बाहेरून दोन मोठे साहेब आले होते. आदल्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली, कित्येक महिन्यांनी गोड आवाजात. "उद्या तू बस हं माझ्या शेजारी. काही अडलं तर सांग."

"बसते," मी म्हटलं.

ती छान बोलली. साडीही छान होती. चित्रं, आलेख, सगळं माझंच. मग साहेबांपैकी एकाने विचारलं, हा भाग तुम्ही या पद्धतीने का तपासला, सरळ पद्धत का नाही घेतली? अगदी साधा प्रश्न. ज्याने काम केलंय त्याला झोपेतही सांगता येईल असा. ती हसली, माझ्याकडे वळली. "ही पण होती माझ्याबरोबर. ती सांगेल."

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते. मला उत्तर माहीत होतं. सरळ पद्धतीत दोन माणसांनी एकाच वेळी नोंद केली तर एकाची नोंद पुसली जायची. ते मी शोधून काढलं होतं, एका शनिवारी, डोक्यात मेथी सांडलेली असताना. शब्द न् शब्द जिभेवर होता.

"मला आठवत नाही," मी म्हटलं.

तिने डोळे मोठे केले. "अगं, तू नव्हतीस का..."

"असेन कदाचित. नसेनही. माझ्या आठवणीवर जाऊ नका असं तूच सगळ्यांना सांगितलंयस. तूच सांग ना, काम तुझं आहे."

मॅनेजरच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. साहेबाने प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी फक्त तिला. ती काहीतरी बोलली. त्याने दुसरा विचारला. मग तिसरा, दुसऱ्या साहेबाने. ती पाणी प्यायली. एसी चालू असून तिच्या कपाळावरचं कुंकू ओलं झालं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी तिच्याकडे, अगदी शांत चेहऱ्याने. मला ती मीटिंग संपूच नये असं वाटत होतं. मी त्या मिनिटांवर अजून जगते.

पार्किंगमध्ये तिने मला गाठलं. या क्षणाची मी बाथरूमच्या आरशापुढे तालीम केली होती. ती विचारणार, का केलंस, आणि मी म्हणणार, सुम्ने. पण ती रडत रडत आली आणि थेट म्हणाली, "तुला आठवत होतं. मुद्दाम केलंस तू."

तालीम केलेलं सगळं विसरले. "हो," मी म्हटलं. "मुद्दाम केलं."

एवढंच. पण सांगते, इतक्या वर्षांत कोणत्याही प्रश्नाला मी दिलेलं ते पहिलं उत्तर होतं ज्याच्या मागे शंका आली नाही. मी हेल्मेट घातलं आणि निघाले.

लीडची जागा तिला मिळाली नाही. मलाही मिळाली नाही, दुसऱ्याच कोणाला मिळाली. त्याचं मला काही वाटलं नाही. मॅनेजर पुढच्या आठवड्यात मला एकटीला बोलावून म्हणाला की ते काम कोणाचं होतं ते आता त्याच्या लक्षात आलंय, आणि कँटीनमधल्या हसण्याबद्दल त्याने माफीसारखं काहीतरी पुटपुटलं. तिने काही महिन्यांत नोकरी बदलली आणि बेंगळुरूला गेली.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं रागावतील, निदान क्षमेबद्दल दोन शब्द बोलतील. त्यांनी विचारलं, "बरं वाटलं?"

"फार."

"आणि शंका? आपण मीटिंगमध्ये आणखी काही बोललो का, तिला पार्किंगमध्ये ढकललं का?"

"अजून तरी नाही."

"येतील," त्या म्हणाल्या. "आल्या की काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे."

आल्या. तिसऱ्याच दिवशी आल्या. मी तिला ढकललं होतं, तिचं डोकं खांबावर आपटलं होतं, खांबाला रक्त होतं. मी खुर्चीवर बसले आणि मोठ्याने म्हटलं, कदाचित ढकललं असेल. कदाचित नसेल. मनातून एक आवाज म्हणाला, ढकललं असतं तर बरंच झालं असतं, आणि मी तेही मोठ्यानेच म्हटलं. नवरा स्वयंपाकघरातून हसला. खूप दिवसांनी मी त्याचं हसू ऐकलं.

आता गोळी कमी झाली आहे. डॉक्टरांकडे मधूनमधून जाते. शंका येतात, बसतात, चहा न मिळाल्यासारख्या निघून जातात. काही जात नाहीत, त्या दिवशी मी त्यांच्यासकट भाजी आणायला जाते. म्हातारा कधीतरी दिसतो. त्याच्यावर माझा राग नाही.

मागच्या उन्हाळ्यात नवऱ्याबरोबर एच. डी. कोटेकडे गेले होते, कबिनी धरणाच्या पाण्याच्या कडेला. तिथे तिचा फोन आला. नंबर नवा होता म्हणून उचलला गेला. ती म्हणाली, आता तिला मुलगी झाली आहे, बाळंतपणानंतर तिला स्वतःलाच भलभलते विचार यायला लागले, मुलीला आपण काही केलं तर, असे. आणि मग तिला माझी आठवण झाली. "मला तेव्हा कळलं नाही कणे, तुला काय होत होतं," ती म्हणाली. "चुकलं माझं."

मी पाण्याकडे बघत ऐकलं. ती रडत होती आणि ते रडणं खरं होतं, एवढं मला कळत होतं. तिच्या मुलीसाठी मला वाईट वाटलं. तिच्यासाठी नाही. मी तिला डॉक्टरांचा नंबर पाठवला, लगेच, फोन चालू असतानाच.

"त्या चांगल्या आहेत," मी म्हटलं. "उद्याच फोन कर."

"आणि तू? तू मला माफ..."

"नाही," मी म्हटलं, आणि फोन ठेवला. नवऱ्याने विचारलं, कोण होतं? मी सांगितलं. त्याने पिशवीतून दोन पेरू काढले, एक मला दिला आणि आम्ही तिथेच दगडावर बसून खाल्ले. पेरू कच्चा होता, पण मला भूक लागली होती.